दाराशेजारची खुर्ची

सातपूरच्या त्या कॉलनीत चतुराबाईला 'सरबतवाली' म्हणायचे, आणि तिनं जन्मात कधी सरबताची गाडी लावली नव्हती. ती विकायची भाजी. पंचवटीच्या बाजारातून माल उचलायचा आणि सातपुरात दारोदार फिरून विकायचा, हा तिचा धंदा. नाव पडलं ते एका भगतामुळं. ब्याण्णव की त्र्याण्णव सालची गोष्ट. गल्लीतल्या एका बाळंतिणीला ताप चढला आणि घरच्यांनी डॉक्टर सोडून भगत आणला. तो टोपलीभर लिंबं, कुंकू, टाचण्या मांडून अंगणात बसला. चतुराबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली, टाचण्या उपटल्या, लिंबं नळाखाली धुतली, सगळी चिरून बादलीत पिळली, साखर-मीठ घातलं आणि अख्ख्या गल्लीला सरबत पाजलं. भगतालाही एक पेला दिला. "प्या महाराज, ऊन लय हाय," म्हणाली. तो बिचारा मुकाट प्यायला आणि जो गेला तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. बाळंतिणीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेही चतुराबाईनंच.

तेव्हापासून कॉलनीत कुणाची टाप नव्हती भूत, करणी, लागीर असले शब्द तिच्यासमोर काढायची. तिच्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव नदीत सोडले होते आणि हे ती अशा थाटात सांगायची की जणू पाटी तिच्याच डोक्यावर होती. "आमच्यात तसलं काही चालत नाय," हे तिचं वाक्य. ते ऐकलं की समोरचा विषय बदलायचा. पुढं हेच वाक्य तिच्या घशात हाडासारखं अडकणार होतं, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?

घरात माणसं मोजकी. मुलगा अमित सातपूरच्याच एका कारखान्यात शिफ्टनं जायचा. सून ललिता महापालिकेच्या सकाळच्या शाळेत शिक्षिका, आणि त्यांची एक लहान मुलगी. नवरा मल्हारी फिटर होता, तो दोन हजार तीनच्या सिंहस्थाच्या काही वर्षं आधी हृदयविकारानं गेला. ललिता त्याला मामा म्हणायची, आणि तिला लग्नानंतर डीएडला बसवलं ते त्यानंच. "आपल्या घरात मास्तरीण पाहिजे," म्हणायचा. पहिली शिफ्ट सुटली की घरी येऊन दाराशेजारच्या नायलॉनच्या पट्ट्यांच्या खुर्चीत बसायचा, चहाचा पहिला घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "साखर कमी हाय." साखर कितीही घाला, हेच. चतुराबाई चिडायची, मग अजून एक चमचा घालायची. तो गेल्यावर खुर्ची तिथंच राहिली. तीत बसायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी बसत नव्हतं.

सिंहस्थ उरकला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सगळं सुरू झालं. आषाढी पौर्णिमेपासून विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन असायचं. रोज संध्याकाळी बायका-माणसं सतरंजीवर बसायची आणि ललिता पुढं बसून वाचायची. वाचावं तर तिनंच. तिच्या तोंडून अवघड पानही कळायचं, आणि चतुराबाई मान ताठ करून पहिल्या रांगेत बसायची, सून आपण स्वतः घडवल्यासारखी. एके दिवशी वाचता वाचता ललिता एका ओळीवर अडली. तीच ओळ पुन्हा वाचली. मग पुन्हा. हात असा झटक्यानं उडाला की पाण्याचा तांब्या लवंडला आणि सतरंजी भिजली.

"दमली पोरगी," चतुराबाई मोठ्यानं म्हणाली आणि दोन्ही बाजूंना असं पाहिलं की बायका सतरंजी पुसायला लागल्या.

पण दमणं म्हणावं तर झोप काढूनही ते जाईना. एक दिवस ललिता अगदी ठणठणीत, भाकरी थापत अमितची चेष्टा करणारी. दुसऱ्या दिवशी चहात मीठ. शाळेत हजेरी घेताना गेल्या वर्षीच्या मुलांची नावं पुकारली, मुलं हसली, आणि ती घरी येऊन रडली. हात मध्येच थरथरायचे, कप निसटायचा. बाळंतपणानंतर तिला थायरॉइडचा त्रास सुरू झाला होता. गळ्याशी थोडी सूज होती, रोज उपाशीपोटी एक बारकी गोळी घ्यायची. ती गोळी कधी चुकली नव्हती, म्हणून तिच्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही.

शेजारची रंगूबाई मनानं वाईट नव्हती, पण तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. "चतुरे, रागवू नको," ती एकदा म्हणाली, "पण चांदवडच्या पुढं एक जण बघतो म्हणतात. नुसतं दाखवून आणायला काय जातंय?"

"लिंबं घेऊन येऊ का संगं?" चतुराबाईनं विचारलं. रंगूबाई नाक मुरडून घरात गेली.

आणि मग ती दुपार आली. अमित शिफ्टला गेला होता, नात शाळेत. चतुराबाई मागं मेथी निवडत बसली होती. पुढच्या खोलीतून ललिताचा आवाज आला. कुणाशी तरी हळू, आदबीनं बोलत होती. कोण आलं म्हणून चतुराबाई उठून दारात आली. ललिता खुर्चीसमोर उभी होती. हातात एक कप, आणि खुर्चीशेजारच्या स्टुलावर दुसरा.

"कुणाशी बोलती गं?"

"मामा आलेत, आत्या," ललिता म्हणाली. इतक्या सहज, की जणू दूधवाला आलाय.

सरबतवालीनं काय करायला हवं होतं? ओरडायला हवं होतं, खांदे धरून हलवायला हवं होतं, सरळ दवाखाना गाठायला हवा होता. तिनं तोंड उघडलंही. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"काय घातलंय त्यांनी?"

"कंपनीचा निळा शर्ट. बाह्या दुमडल्यात."

"काय म्हणत्यात?"

ललिता खुर्चीकडं वळली, थोडं ऐकल्यासारखं केलं आणि हसली. "साखर कमी आहे म्हणतायत."

चतुराबाई आत गेली. डबा काढला, चमचाभर साखर आणली आणि स्टुलावरच्या कपात घालून ढवळली. मग मोरीत जाऊन तोंडाला पदर लावून रडली. किती वर्षांनी त्या माणसानं चहाला नाव ठेवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, इतकी खमकी बाई, आणि असं? तर हो, असंच. माणूस कॉलनीसमोर जितका ताठ, तितकाच घरात एकटा असला की वाकतो. दुपारच्या वेळी ती लवकर फेरी उरकून घरी येऊ लागली. मल्हारी रोज यायचा नाही. ज्या दिवशी ललिता बरी असायची, त्या दिवशी खुर्ची रिकामी. ज्या दिवशी तिचे डोळे कुठंतरी लागलेले, हात उडायचे, त्या दिवशी तो हटकून यायचा. चतुराबाईला हे कळत होतं. कळूनही एखाद्या दुपारी सून नीट बोलताना दिसली की तिला आनंदाबरोबर थोडी हुरहूर वाटायची, आणि त्याची मग लाजही वाटायची.

तिनं हे कुणालाच सांगितलं नाही, अमितलासुद्धा नाही. एक तर सांगावं कसं? लागीर म्हणणाऱ्यांची जिनं तोंडं बंद केली, तिच्याच घरात सून मेलेल्या माणसाला चहा देते? रंगूबाईनं आठ गल्ल्यांना ऐकवलं असतं. आणि दुसरं कारण तर तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

अमितनं शेवटी ललिताला मनोविकाराच्या डॉक्टरकडं नेलं, बरोबर चतुराबाईही होती. डॉक्टर भला माणूस होता. सगळं विचारलं. झोप, भूक, शाळेतला ताण. मग विचारलं, "नसलेलं काही दिसतं का? आवाज ऐकू येतात?"

अमितनं आईकडं पाहिलं. दुपारी घरात ललिताजवळ तीच असायची.

"छे," चतुराबाई म्हणाली. "आमच्यात तसलं काही चालत नाय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि उदासीवरच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांना जेवढं सांगितलं, त्यावर त्यांनी तरी दुसरं काय करावं?

गोळ्यांनी ललिता जास्त झोपू लागली, बाकी फरक शून्य. पोळ्याच्या सुमारास ती सकाळी नळावर पाणी भरता भरता ताठ झाली, डोळे फिरले, दात बसले आणि हंड्यासकट खाली आली. फिट. रिक्षातून कॉलेज रोडवरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आली ती अमितला 'सर' म्हणू लागली. नवऱ्याला ओळखेना. अमित कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला रडताना चतुराबाईनं मल्हारीच्या अंत्ययात्रेनंतर पहिल्यांदा पाहिलं.

तिथं मेंदूच्या डॉक्टर होत्या देवरे मॅडम. सटाण्याकडच्या, चाळिशीच्या, भरभर चालणाऱ्या, केसांच्या क्लिपमध्ये पेन खोचलेलं. त्यांनी मेंदूचा फोटो काढला, तो चांगला निघाला. पाठीतून पाणी काढलं, त्यात जंतू नव्हते, नुसतं प्रोटीन थोडं वाढलेलं. डोक्याला तारा लावून आलेख काढला, त्यात मेंदू सुस्तावल्यासारखा चालत होता. रक्त, साखर, लघवी, सगळं झालं. रोज एक नवा रिपोर्ट 'ठीक' यायचा आणि रोज ललिता अजून थोडी दूर जायची.

"सगळं ठीक हाय तर माझी बायको का ठीक नाय?" अमित म्हणाला. त्याच संध्याकाळी रंगूबाई डबा घेऊन आली, आणि तो तिलाच विचारू लागला, "काकू, ते चांदवडच्या पुढचं... पत्ता हाय का तुमच्याकडं?"

चतुराबाईला कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. तिचा मुलगा. तिच्या पोटचा. ती बाकावर बसूनच राहिली, आणि त्याच वेळी देवरे मॅडम वॉर्डातून बाहेर आल्या.

"आजी, पुन्हा विचारते. घरात असताना हिला काही दिसायचं का? नसलेली माणसं वगैरे?"

"नाय," चतुराबाई म्हणाली. नेहमीचं वाक्य जिभेवर आलंच होतं.

मॅडम तिच्या शेजारी बाकावर बसल्या. "मी काही तुमच्या घराची अब्रू तपासत नाहीये. ताप आला की अंग गरम होतं ना? तसं मेंदूला सूज आली की माणसं दिसतात. ते एक लक्षण आहे, बस. पण ते होतं की नव्हतं, यावर मी पुढं काय शोधायचं ते ठरतं. माझ्याकडचे बाकी सगळे रस्ते संपत आलेत."

चतुराबाईनं वर पाहिलं. अमित उभा, रंगूबाई उभी, हातात डबा. दिसतं म्हणावं तर रंगूबाईसमोर आयुष्यभराचा ताठा मातीत. ते एक वेळ चाललं असतं. पण दिसतं म्हणावं तर डॉक्टर औषध देणार, आणि औषध लागू पडलं तर तो निळ्या शर्टातला माणूस पुन्हा येणार नाही. काचेतून आत ललिता दिसत होती. तिचे हात पलंगाच्या दांड्याला मऊ फडक्यानं बांधले होते, कारण ते उडायचे. ज्या हातांत ग्रंथ असायचा ते हात.

"दिसतं तिला," चतुराबाई म्हणाली. "माझा नवरा दिसतो. दाराशेजारी बसतो, चहा मागतो. महिना-दीड महिना झाला असंल."

"आई," अमित म्हणाला.

"गप. बोलू दे मला. बरी असली की दिसत नाय. हात उडाया लागलं, शब्द सापडंना, की त्या दिवशी दिसतो. मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाय, कारण..." ती थांबली. "कारण मीच त्याच्या चहात साखर घालत होते."

रंगूबाईनं डबा खाली ठेवला आणि चतुराबाईच्या पाठीवर हात ठेवला. एक अक्षर बोलली नाही. तिच्या आयुष्यातली ती बहुधा पहिलीच वेळ असावी.

देवरे मॅडम हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "कधी बरी, कधी वाईट, असं हेलकावत होतं?" त्यांनी विचारलं. "पहिल्यापासून? आणि हात उडणं दिसण्याच्या आधी की नंतर?" चतुराबाईनं सगळं सांगितलं, तांब्या लवंडला तिथपासून. मॅडम उठल्या, आत गेल्या आणि ललिताचा गळा बोटांनी चाचपून परत आल्या. "थायरॉइडची गोळी किती वर्षं चालू आहे?"

मग त्यांनी समजावलं. अंगात रोगाशी लढणारं एक सैन्य असतं. ते कधी कधी बिघडतं आणि गळ्यातल्या त्या ग्रंथीवरच तुटून पडतं. ललिताची ग्रंथी त्यानंच सुजली होती. आणि क्वचित एखाद्यात त्याच गडबडीबरोबर मेंदूलाही सूज येते, गोळ्या वेळेवर घेतल्या तरी येते. का, ते अजून पुरतं कुणाला कळलेलं नाही.

"म्हंजे ठेवलेला वॉचमनच घरमालकाला मारतोय," चतुराबाई म्हणाली.

"अगदी तसंच."

"आणि दिसतोय का तो तुमच्या मशिनीत?"

"नाही. रक्तात त्याच्या खुणा सापडतात, ते रक्त मुंबईला पाठवते. पण त्या खुणा धडधाकट माणसांतही सापडतात. म्हणून बाकीचं सगळं आधी खोडावं लागतं, आणि मग स्टेरॉइड देऊन बघावं लागतं."

चतुराबाईनं डोळे बारीक केले. दिसत नाही, धरता येत नाही, गळ्यातून डोक्यात चढतं, आणि औषध देऊन बघू. असली भाषा तिनं आयुष्यात फक्त भगतांच्या तोंडून ऐकली होती. "म्हंजे तुमचाबी अंदाजच की, बाई."

"अंदाजच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण उतार पडला नाही तर मी तुमच्यासमोर येऊन सांगेन की माझं चुकलं, आता दुसरं शोधते. भगत असं सांगतो का कधी?"

"नाय सांगत," चतुराबाई म्हणाली. "द्या औषध."

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यातला आकडा इतका वर होता की मॅडमनी तो दोनदा वाचला. तोवर सलाईनमधून स्टेरॉइड सुरूही झालं होतं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि अमित पुन्हा भिंतीला टेकला. तिसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाई चूळ भरायला भांडं पुढं करत होती, तर ललिता तिच्याकडं टक लावून पाहू लागली.

"आत्या, हे कुठलं गबाळं लुगडं नेसलात? लोक काय म्हणतील?"

चतुराबाईच्या हातून भांडं पडलं. तिनं असा हंबरडा फोडला की सिस्टर धावत आली, काहीतरी बरं-वाईट झालं समजून. अमितला फोन करायला ती खालच्या एसटीडी बूथवर गेली आणि बूथवाल्यालाच पहिल्यांदा सगळं सांगत बसली.

पुढचं सावकाश झालं. हात शांत झाले. नावं परत आली, आधी लेकीचं, मग अमितचं, मग शाळेतल्या यंदाच्या मुलांची. घरी सोडताना मॅडमनी बजावलं, स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या, बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत. चेहरा सुजेल, भूक खवळेल, रक्तातली साखर वाढू शकते, तेव्हा गोड जपून. पुन्हा काही वेगळं वाटलं तर लगेच यायचं. "आणि आजी," त्या म्हणाल्या, "पुन्हा कुणी दिसलं तर?"

"तर आधी तुम्हाला सांगंन," चतुराबाई म्हणाली. "मग चहा ठेवंन."

आश्विन पौर्णिमेला विहारात वाचनाचा शेवट होता. ललिता गेली, चेहरा पुरीसारखा फुगलेला, दंडाला धरून नेणारी रंगूबाई. बाकीच्या महिन्यांचं वाचन कुणी कुणी अडखळत उरकलं होतं. शेवटचं पान तिनं वाचलं, हळू, बोट ठेवून. कुठंही अडली नाही. वाचन झाल्यावर चतुराबाई उठली आणि बायकांसमोर उभी राहिली. काय झालं होतं ते तिनं सगळं सांगितलं, खुर्चीसकट, साखरेसकट. "कुणाच्या घरात कुणाला काय दिसलं तर लपवू नका," ती म्हणाली. "भगताकडं नेऊ नका आणि माझ्यासारखं झाकूनबी ठेवू नका. डॉक्टरला सांगा."

त्यानंतरच्या एका दुपारी ती फेरीहून घरी आली, तर ललिता स्वयंपाकघरात होती. चहाचा वास येत होता. दवाखान्यात जायच्या आधीचं तिला फारसं काही आठवत नव्हतं. विहारातला तांब्या आठवत होता, पुढचं पुसलेलं. मामा येऊन बसायचे, हे तिनं पहिल्यांदा ऐकलं ते विहारातच, आणि नंतर त्यावर एक शब्द बोलली नव्हती.

ती दोन कप घेऊन बाहेर आली. चतुराबाई दारात उभी होती. खुर्ची पाहत होती.

"ललिता," तिनं विचारलं, आणि आवाज जमेल तितका साधा ठेवला, "आज कोण बसलंय का तिथं?"

ललितानं खुर्चीकडं पाहिलं, मग सासूकडं. तिला खोटं बोलता आलं असतं. सासूचा चेहरा पाहून तिला ते बोलावंसंही वाटलं.

"नाही, आत्या," ती म्हणाली. "कोणी नाही."

चतुराबाईनं मान हलवली. बरं झालं, असं मोठ्यानं म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. मग ती पुढं झाली, खुर्ची पदरानं झटकली आणि तीत बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पट्ट्या मल्हारीच्या वजनानं सैल झालेल्या होत्या, ती चांगली खोल गेली. ललितानं कप हातात दिला. तिनं एक घोट घेतला.

"साखर कमी हाय," चतुराबाई म्हणाली.

ललिता आत गेली आणि चमचाभर साखर घेऊन आली.